मॅडम आणि प्रिन्सिपलचे कागद

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर एक पान तपासलं. आणि त्या पानावरून भांडलो.

पान आमचं नव्हे. अमेरिकेत दक्षिणेकडं एक जुनं कॉलेज आहे, त्याच्या एका प्रिन्सिपलचे ते कागद. तिथली गुलामी मोडणारी लढाई व्हायच्या आधीचा हा माणूस. बायकोला लिहिलेली पत्रं, कॉलेजचे ठराव, ट्रस्टींना केलेल्या विनवण्या, सगळं एका पेटीत कोंबलेलं सापडलं. तिथल्या लायब्ररीनं सगळ्याचे फोटो काढून इंटरनेटवर टाकलेत आणि म्हटलंय की ज्याला हे अक्षर लागेल त्यानं वाचून टाईप करून द्यावं. घरबसल्या, फुकट. ते काम माझी बायको करायची. इकडं परदेशात, पापाटोएटोत, मुलीच्या घरामागच्या आमच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावर, टॅबलेट लोणच्याच्या बरणीला टेकवून.

तिची पद्धत ठरलेली. आधी वाचायची, मग टाईप करायची, मग मला मोठ्यानं मराठीत सांगायची. मी ऐकून "बरोबर" म्हटलं की हिरवं बटण दाबायची. मी सातवी नापास. मला त्यातलं बरोबर-चूक काय कळणार? पण ती जन्मभर फार्मासिस्ट होती. औषध एकानं काढायचं, दुसऱ्यानं बघायचं, मगच खिडकीबाहेर जाणार. घरात दुसरा माणूस मीच.

बटण दाबायच्या आधी एक निवडावं लागतं. कागद घरचा की कॉलेजचा. त्या दिवशी ती म्हणाली घरचा, मी म्हटलं कॉलेजचा. ती हटेना, मी हटेना. शेवटी तिनं चष्मा काढून ठेवला.

"उद्या बघू. तुम्ही बरोबर म्हटल्याशिवाय मी दाबणार नाही."

मग तिनं मटार सोलायला घेतले.

तिचं नाव विजया. पण मी तिला मॅडमच म्हणायचो. सांगलीकडं आमच्या तालुक्याच्या गावी ती सरकारी दवाखान्यात होती, तिथं सगळं गाव तिला मॅडम म्हणायचं, मग मी कशाला वेगळं म्हणू? ती चारचौघांत मला "अहो" म्हणायची आणि घरात "मेकॅनिक". दवाखान्यासमोर माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं.

ओळख झाली ती तिच्या लुनामुळं. ढकलत घेऊन आली. मी पायडल मारून बघितलं आणि म्हटलं, "प्लग गेलाय."

"अंदाज की खात्री?"

असं आजवर कुणी गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अंदाज."

"मग खात्री करून सांगा. मी थांबते." आणि पांढऱ्या कोटासकट जुन्या टायरवर बसली.

प्लग चांगला होता. कार्बोरेटरात कचरा होता. मी म्हटलं, चुकलं माझं. तर म्हणाली, "चुकलं कुठं? तुम्ही अंदाज म्हणाला होता ना."

पुढं लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा तिचा भाऊ आमच्या गॅरेजच्या दारात उभा राहून ओरडला. "सातवी नापास! काय बघितलंस याच्यात?" ती शांतपणे म्हणाली, "माहीत नसलं तर माहीत नाही म्हणतो. दवाखान्यात असा एक नाही." भाऊ लग्नाला आला, पण जेवायला बसला नाही. जिलेबी तेवढी उभ्या उभ्या खाल्ली.

अक्षर वाचण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. डॉक्टर लोकांचं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेली मुंगी. मॅडम ती चिठ्ठी आडवी धरायची, उभी धरायची, डोळ्यांपासून लांब न्यायची आणि वाचायची. पण जिथं तिळाएवढी शंका असेल तिथं चिठ्ठी परत. एकदा एका म्हातारीच्या नातेवाइकाला तिनं दोन वेळा वर पाठवलं. डॉक्टर स्वतः खाली आले, तोंड लाल. "तुम्हाला काय वाटलं होतं, काय लिहिलंय?" तिनं औषधाचं नाव सांगितलं. "हेच आहे! मग माणसाला कशाला जिने चढायला लावलेत?" ती म्हणाली, "आज हेच निघालं, सर." डॉक्टर तसेच वर गेले. तिच्याबद्दल त्यांनी नंतर कुठंतरी म्हटलं होतं की बाई चांगली आहे पण चिकट आहे. चिकट होतीच. माझ्या भाजीत मीठ घालतानाही डब्यावरचं "मीठ" वाचून घ्यायची. डबा तिनंच भरलेला, चिठ्ठी तिनंच चिकटवलेली, आणि तरी वाचायची.

शेंगदाणे असोत, मटार असोत, पाटावर ओतायचे आणि सुरीच्या टोकानं पाच-पाच करून बाजूला सारायचे. गोळ्या मोजायची सवय. मी विचारलं, "मटार मोजून काय करतेस?" म्हणाली, "काही नाही. हाताला बरं वाटतं."

मुलगी मनीषा इथं नर्स झाली, घर घेतलं, आम्हाला बोलावलं. आलो. मला इथं काही जड गेलं नाही. लोकांची लॉनमोअर दुरुस्त करत बसायला मिळालं, भाषा लागत नाही. तिला जड गेलं. तिचं शिक्षण इथं चालत नाही. परीक्षा द्यायचं वय उरलेलं नव्हतं. औषधाच्या दुकानात माझी रक्तदाबाची गोळी आणायला गेलो की ती काउंटरच्या पलीकडं बघत उभी राहायची. पलीकडं एक कोवळी पोरगी गोळ्या पाच-पाच करून सारत असायची. पिशवी हातात पडली तरी मॅडम हलायच्या नाहीत. मला म्हणावं लागायचं, "चल."

शेजारी कुंपणापलीकडं सीना राहते. सामोअन, म्हणजे इकडच्या बेटांवरची, आमच्याच वयाची, मोठ्यानं हसणारी. तिनं कुठूनतरी ऐकलं आणि हिला "केमिस्ट" म्हणायला लागली. औषधाची बाटली घेऊन कुंपणाशी यायची. मॅडम लेबल दोनदा वाचून दाखवायची आणि म्हणायची, दुकानात फोन करून विचार. सीना म्हणायची, "तुला माहीत आहे ना गं? मग सांग की!" मॅडम म्हणायची, "माहीत आहे. पण मी इथली केमिस्ट नाही." सीना हसायची. ही हसायची नाही.

मग लायब्ररीत म्हाताऱ्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग सुरू झाला. मनीषानं दोघांची नावं घातली. मी पहिल्याच दिवशी बाहेर येऊन बाकावर बसलो. ती आत बसली. शिकवणाऱ्या बाईनं इकडचं-तिकडचं दाखवता दाखवता त्या अमेरिकन प्रिन्सिपलचं एक पान उघडलं, बघा म्हणे, असलंही काम लोक करतात. सगळे म्हणाले, बापरे, हे कोण वाचणार? मॅडम बाहेर आल्या त्या वेगळ्याच दिसत होत्या. घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. दारात सपाता काढताना म्हणाल्या, "मेकॅनिक, त्या माणसाचं अक्षर भयंकर आहे." माहेराहून निरोप आल्यासारखा चेहरा.

तेव्हापासून प्रिन्सिपल आमच्यात राहायला आला.

रोज दुपारी जेवण झालं की मी विचारायचो, "काय म्हणतोय तुझा प्रिन्सिपल?" आणि ती सांगायची. छप्पर गळतंय. पोरं खानावळीच्या पावाला नावं ठेवतात, रात्री खिडक्यांवर दगड मारतात. ट्रस्टी पैसे देतो म्हणतात, देत नाहीत. मी हसायचो. आपल्याकडच्या कॉलेजात काय वेगळं? दौऱ्यावर गेला की बायकोला पत्र लिहायचा, माझी लाडकी म्हणून. धाकटीचा खोकला कसा आहे, तिला पाय ओले करू देऊ नकोस. एकदा धाकटी फार आजारी पडली. त्या वेळची पत्रं आम्ही बरेच दिवस वाचत होतो. त्यात नॅन्सी आली. नॅन्सी त्यांची स्वयंपाकीण. रात्र-रात्र धाकटीच्या उशाशी बसायची. पोरगी वाचली. प्रिन्सिपलनं लिहिलं होतं, नॅन्सी नसती तर आपण आज रिकामे झालो असतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "माणूस चांगला आहे गं."

मॅडम म्हणाली, "अंदाज की खात्री?"

"खात्री."

तिनं पुढचं पान काढलं. तिला तेव्हाच माहीत होतं का, ते मला माहीत नाही.

थोड्या दिवसांनी कॉलेजचा ठराव आला. छपरासाठी पैसे नाहीत, म्हणून नॅन्सीचा मुलगा विकायचा. वय लिहिलेलं होतं. मिसरूड फुटायचं वय. खाली प्रिन्सिपलची सही.

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाची तरी असेल."

"नाही. तेच अक्षर आहे. 'माझी लाडकी' लिहिणारं तेच."

"नॅन्सी पगारी नव्हती?"

"नव्हती. ती पण त्यांचीच होती, पोरगा पण. मला वाटलं तुम्हाला कळलंय."

मला नव्हतं कळलं. मी उठलो. "बंद कर ते. आपल्याला काय करायचंय? आपल्याकडं कमी आहेत का हरामखोर?"

ती म्हणाली, "चांगला वाटत होता तोवर ऐकलंत. आता बंद?"

मी त्या दिवशी तिला बरोबर म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही टेबलाशी गेलो नाही. स्टेशनावर जाऊन बाकावर बसायचो, शहरात जाणाऱ्या गाड्या बघायचो, येताना भाजी आणायचो. ती एकटीच वाचत होती, टाईप करत होती. पण हिरवं बटण दाबत नव्हती. पानं साठत गेली. एक दिवस मी शेडमध्ये सीनाचा लॉनमोअर उघडून बसलो होतो, तिथं आली. वाकून बघितलं. आत काळं कुट्ट, गवत आणि तेल सडलेलं.

"किती घाण आहे," ती म्हणाली.

"हां."

"मग बंद करून परत देणार का सीनाला?"

मी पाना खाली ठेवला. हात पुसले आणि टेबलाशी जाऊन बसलो. त्या दिवशी ठरावाच्या पानाला मी बरोबर म्हटलं. लिहिलेलं तसंच होतं ना. ते खोटं म्हणून कसं चाललं असतं?

त्यानंतर आमचं काम एकच झालं. नॅन्सीला शोधणं. पोरगा गेल्यावर नॅन्सी कागदांतून गायबच झाली. प्रिन्सिपल छपराबद्दल लिहायचा, नवं छप्पर कसं छान झालंय, पाऊस आला तरी टिपूस नाही. धाकटीला पियानो शिकवायला बाई ठेवली. नॅन्सीचं नाव नाही. मॅडम रोज पानांवर पानं काढत होती. मी विचारायचो, "नॅन्सी?" ती मान हलवायची. मग आम्ही जेवायचो.

मॅडमचं हृदय तेव्हा थकलं होतं. पाय सुजायचे, जिना नव्हता तरी धाप लागायची. डॉक्टरांनी औषधं वाढवली. औषधं बघूनच तिला कळलं, किती दिवस आहेत ते. मला सांगितलं नाही, पण मीठ, साखर, हळद सगळ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात नव्यानं लिहून काढल्या. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. माझे डोळे अधू आहेत, तिचे नव्हते.

मनीषा ड्युटीवरून आली की ओरडायची. "आई, तुला आराम सांगितलाय. आणि वाचतेस काय, तर हे! किती डिप्रेसिंग आहे ते!"

"मग काय वाचू?"

"काहीही वाच ना गं. रेसिपी वाच."

"स्वयंपाकिणीचंच वाचतेय," मॅडम म्हणाली.

मनीषानं माझ्याकडं बघितलं. मी काय बोलणार? मी दुसरा माणूस. तपासणारा.

त्या दिवशी सकाळपासून थंडी होती. हीटर टेबलाखाली ओढून ठेवलेला. मी सीनाकडून आलो तर मॅडम टॅबलेटवर वाकून, ओठ हलवत. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "बसा. सापडली."

प्रिन्सिपलचा कागद होता, ट्रस्टीला लिहिलेला. तिनं मराठीत सांगितलं. स्वयंपाकीण नॅन्सी हल्ली कामाची राहिली नाही. पोरगा गेल्यापासून स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं टाकते. भर हिवाळ्यात. कितीदा लावून घेतलं तरी परत उघडते. विचारलं तर म्हणते, त्याला रस्ता माहीत आहे, दार लावलेलं दिसलं तर परत जाईल. सरपण दुप्पट जळतंय. तरी कृपा करून हिच्या जागी दुसरी बाई बघावी.

हीटरचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "हा कागद घरचा."

मी म्हटलं, "कॉलेजचा. वर कॉलेजचं नाव आहे म्हणतेस, ट्रस्टीला लिहिलाय, सरपणाचा हिशेब आहे. घरचा कसा?"

"आई आहे. तिचा मुलगा आहे. तो यायची वाट बघतेय. मग घरचं म्हणजे आणखी काय असतं?"

"ते तुला वाटतं. कागदावर तसं नाहीय. तूच म्हणतेस ना, लिहिलंय तेच द्यायचं. पदरचं काही घालायचं नाही."

"हे पदरचं नाहीय, मेकॅनिक."

"मग काय आहे? अंदाज?"

तिनं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत मी तिच्यावर तिचाच शब्द कधी फेकला नव्हता. राग आला नाही तिला. गालात हसली, टायरवर बसली होती तेव्हासारखी.

"खात्री," ती म्हणाली. "त्याच्या बायकोची पत्रं घरची, त्याच्या पोरीचा खोकला घरचा. हिचं तेवढं कॉलेजचं? मी नाही तिला तिथं ठेवणार."

मला तिचं म्हणणं कळत होतं. पण नियम तिचाच होता आणि तो मी तिच्याकडूनच शिकलो होतो. मी म्हटलं, "विचार करतो."

"करा. उद्या बघू."

चष्मा काढून ठेवला. मटार सोलले, पाटावर पाच-पाच केले. निम्म्यावर आल्यावर म्हणाली, जरा पडते, चहा झाला की हाक मारा. मी चहा टाकला, आलं किसलं, हाक मारली. पुन्हा मारली. मग आत गेलो.

मनीषा ड्युटीवरून तशीच आली. तिनं आईच्या मानेला बोटं लावली, तिला ते रोजचं आहे, आणि मग जमिनीवर बसली. नर्सच्या कपड्यात, बॅग खांद्यालाच.

पुढचं सगळं मनीषानं आणि जावयानं केलं. फोन, कागद, माणसं. मॅडमना घेऊन गेले. रात्री मी झोपलो नाही असं म्हणणार नाही. झोपलो. पलीकडची बाजू थंड होती म्हणून जाग यायची.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी उठलो. पाटावर मटार तसेच होते, अर्धे पाच-पाचचे, अर्धे नुसते. त्यांना हात लावला नाही. अंगणाकडचं काचेचं दार सरकवलं. थंडगार वारा आत आला. मनीषा चहा घेऊन पुढच्या घरातून आली आणि दार लावायला गेली. "बाबा, केवढी थंडी आहे."

"राहू दे," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि हात मागं घेतला. चहा ठेवून गेली.

मी टेबलाशी बसलो. माझ्या खुर्चीवर नाही, तिच्या. टॅबलेट बरणीला टेकलेलाच होता. बोट लावल्यावर उजेड आला. डाव्या बाजूला प्रिन्सिपलचं ते अक्षर, मुंग्यांची रांग. उजवीकडं मॅडमनं टाईप केलेलं, सरळ, स्वच्छ. मला त्यातली एक ओळ वाचता येत नाही. पण काल तिनं सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. मी ते तोंडातल्या तोंडात म्हटलं, सुरुवातीपासून, तिच्यासारखं थांबत थांबत. दार, हिवाळा, सरपण, रस्ता माहीत आहे त्याला. खाली दोन चौकटी होत्या. एकीवर "फॅमिली" लिहिलेलं. तेवढं मला येतं, चिप्सच्या मोठ्या पाकिटावर असतं.

तिथं बोट ठेवलं. चौकटीत खूण आली.

"बरोबर आहे, मॅडम," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, तिला ऐकू जाईल असं. आणि हिरवं बटण दाबलं.